रिन्युअल ते रिन्युअल : कंपनीतल्या ‘वेलनेस’चं एक वर्ष

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर आणि ॲडमिन बघते. अडीचशेच्या आतबाहेर माणसं, निम्मी ऑफिसात आणि निम्मी फ्लोअरवर. एवढ्या आकाराच्या कंपनीत मेडिक्लेमसाठी वेगळा विभाग वगैरे नसतो. पगार, हजेरी, कँटीन, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि मेडिक्लेम सगळं एकाच टेबलावर येतं. २०२४ च्या मार्चमध्ये त्या टेबलावर ग्रुप मेडिक्लेमच्या रिन्युअलचं कोटेशन येऊन पडलं. प्रीमियम जवळपास एक तृतीयांशानं वाढवून मागितला होता. तिथून पुढे वर्षभर काय काय घडलं ते लिहून काढतेय. लहान-मध्यम कंपन्यांत हे काम करणाऱ्या कितीतरी जणांना दर वर्षी हीच फाइल उघडावी लागते.

ग्रुप पॉलिसीचा हिशेब वैयक्तिक पॉलिसीपेक्षा निराळा असतो. आपण स्वतः पॉलिसी घेतो तेव्हा वयोगटाप्रमाणे दर छापलेला असतो. ग्रुपमध्ये विमा कंपनी मुख्यतः तुमचे आधीचे क्लेम बघते. शंभर रुपये प्रीमियम भरला आणि नव्वद रुपयांचे क्लेम गेले, तर क्लेम रेशो नव्वद. त्यात विमा कंपनीचा खर्च, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेची) फी, ब्रोकरचं कमिशन आणि उपचारांची महागाई मिळवली की पुढच्या वर्षीचा आकडा तयार होतो. हजारो माणसांच्या कंपनीत दोनचार मोठी आजारपणं जिरून जातात. आमच्यासारख्या ठिकाणी एक बायपास आणि एक डायलिसिस झालं की रेशो शंभराच्या पार जातो.

आमचे एमडी, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर, म्हणाले, ‘‘वाढलाय म्हणजे लोक उगाच क्लेम करतायत का ते बघा.’’ मी ब्रोकरकडून क्लेमची पूर्ण शीट मागवली. ती नावानिशी आली, म्हणून माझ्यापुढे कुणालाही पाठवली नाही. दोन दिवस रोज संध्याकाळी बसून ओळीनं वाचली. उगाच केलेला म्हणता येईल असा क्लेम शोधायचा म्हटलं तरी सापडेना. सगळ्यात मोठा वाटा होता आईवडिलांचा : गुडघे बदलणं, मोतीबिंदू, हृदयाची झडप. त्याखालोखाल बाळंतपणं, त्यातली बरीचशी सिझेरियन. मग पावसाळा. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडच्या ओळीच्या ओळी. मुंबईत राहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आणि उरलेल्यात थोडेच पण मोठे आकडे आमच्या स्वतःच्या माणसांचे होते : दोन अँजिओप्लास्टी, एक पक्षाघात, पायाची जखम चिघळून झालेलं एक ऑपरेशन. ही चारही माणसं चाळीस ते पंचावन्नच्या मधली. चौघांनाही बीपी किंवा शुगर किंवा दोन्ही.

ही शेवटची चार नावं मी वहीत लिहून ठेवली नाहीत, पण डोक्यातून गेली नाहीत.

प्रीमियम कमी करायचा तर विमा कंपनीकडे तयार उपाय असतात. आईवडिलांना वगळा, नाहीतर त्यांच्या क्लेममध्ये वीस टक्के को-पे लावा, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा कर्मचाऱ्यानं स्वतः भरायचा. खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा घाला. कागदावर हे निरुपद्रवी दिसतं. आमचा विमा तीन लाखांचा; त्याचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. अंधेरी-जोगेश्वरीकडच्या बऱ्याचशा खासगी हॉस्पिटलात त्या भाड्यात खोली मिळायची मारामार. माणसानं सहा हजारांची खोली घेतली, तर फक्त वरचे तीन हजार खिशातून जातात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही अर्धेच पैसे मिळतात, कारण हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे लागतात असं धरलं जातं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, एवढाच काय तो दिलासा. म्हणजे अशा मर्यादेनं खर्च घटत नाही, तो कंपनीच्या खात्यातून कामगाराच्या घरावर सरकतो. हे मी मीटिंगमध्ये आकडे मांडून सांगितलं. खोलीची मर्यादा टळली. आईवडिलांसाठी दहा टक्के को-पे मात्र मान्य करावा लागला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. ज्या वयात आजार येतात नेमक्या त्याच वयाच्या माणसांवर तो भार गेला.

ब्रोकरनंच मग वेलनेसची कल्पना आणली. एका कंपनीचा माणूस येऊन कॉन्फरन्स रूममध्ये स्लाइड दाखवून गेला. ॲप, पावलं मोजण्याची स्पर्धा, पॉइंट्स, कूपनं, शुक्रवारी झुंबा, आहारतज्ज्ञांची ऑनलाइन व्याख्यानं आणि वर्षातून एकदा तपासणी शिबिर. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात होतं, वेलनेसवर एक टाका, तीन परत मिळवा. एमडींना ती स्लाइड आवडली. मलाही खोटं कशाला सांगू, ती खरी असावी असं फार वाटत होतं.

म्हणून ती कुठून आली ते शोधलं. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. वेलनेसवर खर्चलेल्या दर डॉलरमागे उपचारांचा खर्च सुमारे ३.२७ डॉलरनं घटतो असा त्यांचा निष्कर्ष होता. तो जगभर पसरला. पुढे त्याच गटातल्या दोघांनी, कॅथरीन बेकर आणि झिरुई साँग यांनी, बीजेज होलसेल क्लब या अमेरिकी दुकानसाखळीत खराखुरा प्रयोग केला. सुमारे ३३ हजार कर्मचारी, १६० ठिकाणं; कुठल्या ठिकाणी कार्यक्रम चालवायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दीड वर्षानंतरचा निकाल २०१९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. लोक आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असं सांगत होते. पण बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, उपचारांचा खर्च, गैरहजेरी यांत म्हणावा असा फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठानं स्वतःच्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर केलेल्या अभ्यासातही खर्च घटला नाही. त्यात आणखी एक गोष्ट निघाली आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली : जे आपणहून भाग घेत होते त्यांचा उपचारांवरचा खर्च कार्यक्रम सुरू होण्याच्या आधीपासूनच कमी होता. धडधाकट माणसं आपसूक पुढे येतात, आणि त्यांचं धडधाकट असणं कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होतं.

यातलंच तिसरं एक काम मात्र वेगळं बोलत होतं. रँड या संस्थेनं पेप्सिकोच्या कार्यक्रमाची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. त्यात पैसे वाचले होते, पण ते पावलं-वजन-आहाराच्या भागातून वाचले नव्हते. ज्यांना आधीच मधुमेह, दमा, हृदयविकार असे आजार आहेत त्यांच्या मागे लागून उपचार नीट चालू ठेवण्याच्या भागातून वाचले होते. हे वाचलं आणि माझ्या शीटमधली ती चार माणसं पुन्हा समोर आली.

अमेरिकेचं सगळंच आपल्याला लागू होत नाही, तिथली विमापद्धतही निराळी. तरी मी हे एमडींना एका पानावर लिहून दिलं. ते म्हणाले, एक वर्ष करून तर बघू. करार झाला.

पहिल्या महिन्यातच चित्र स्पष्ट झालं. पावलांच्या स्पर्धेत डिझाइन आणि मार्केटिंगची मुलं पुढे. त्यातली दोघंतिघं दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पळणारी. फ्लोअरवरून जवळपास कुणीच नाही. असं का, हे त्यांना विचारायचीही गरज नव्हती. फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी आहे, सुरक्षेचा नियम आहे तो. फोन लॉकरमध्ये. शिफ्टभर पायावर उभं राहून पॅनल जोडणाऱ्या माणसाची पावलं ॲपमध्ये शून्य, आणि खुर्चीवर बसून काम करणारा मुलगा यादीत पहिला. झुंबा संध्याकाळी सहाला. आमच्या बऱ्याच बायका विरार, कल्याण, बदलापूरहून येतात. मरोळ नाक्यावरून मेट्रो, मग अंधेरी किंवा घाटकोपरला लोकल. दहा मिनिटं उशीर झाला की घरी पोचायला एक तास जास्त लागतो आणि तिथून पुढे स्वयंपाक असतो. अकाउंट्समधल्या एकजणी मला म्हणाल्या, ‘‘मॅडम, मला नाचायला आवडतं हो. पण सहाच्या पुढचा वेळ माझा नसतोच.’’

याचा अर्थ ती मुलं चुकीचं करत होती असा अजिबात नाही. त्यांना मजा आली, आपसात ओळखी वाढल्या, लिफ्टऐवजी जिना वापरायला लागली. चांगलंच झालं. पण क्लेमच्या शीटमध्ये ती मुलं आधीही नव्हती आणि नंतरही येणार नव्हती.

तपासणी शिबिराच्या वेळी खरं काय ते उघड्यावर आलं. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून सकाळी सातला सुरू करायचं ठरलं. दुसऱ्या शिफ्टच्या लोकांसाठी वेगळा दिवस मागितला तर लॅबवाले जादा पैसे मागू लागले, ते दिले. पण त्याआधीच फ्लोअरवर कुजबुज सुरू झाली होती. एक कंत्राटी मुलगा दाराशी घुटमळत आला आणि विचारलं, ‘‘मॅडम, शुगर निघाली तर परमनंट करणार नाहीत का?’’ वय जेमतेम अठ्ठावीस. त्याच्या वडिलांचा पाय शुगरमुळे कापलेला.

त्याला मी सांगितलं की तुझा रिपोर्ट कंपनीला मिळणार नाही. आणि मग ते खरं ठरवण्यासाठी भांडले. करारात लॅबनं एचआरला पूर्ण एक्सेल द्यायची असं लिहिलेलं होतं; सगळीकडे तसंच चालतं म्हणे. वरून प्रॉडक्शनचाही निरोप आला, की निदान क्रेन चालवणाऱ्यांचे रिपोर्ट तरी द्या. क्रेन आणि फोर्कलिफ्टवाल्यांची डोळ्यांची आणि फिटनेसची तपासणी कायद्याप्रमाणे वेगळी होतेच. तिची सरमिसळ इथं करू नका, असं मी लेखी कळवलं. माणसाचं रक्त हा त्याचा स्वतःचा ऐवज आहे. मालकाला कळेल या भीतीनं तो तपासणीलाच आला नाही, तर त्या शिबिराचा उपयोग शून्य. शेवटी असं ठरलं, की रिपोर्ट बंद पाकिटातून ज्याच्या त्याच्या हातात, आणि कंपनीला फक्त एकूण आकडे, तेही नावं आणि विभाग काढून. ही नोटीस मराठीत आणि हिंदीत पंचिंग मशीनच्या शेजारी लावली. त्यानंतर नावनोंदणीचा कागद भरला.

शिबिराच्या दिवशी मी बीपीच्या टेबलाजवळ उभी होते. पॅनल विभागातले एक फिटरकाका आले. कंपनीत वीस वर्षांहून जुने, वायरिंगचा गुंता त्यांच्याकडे पाठवायचा आणि विसरून जायचं असा माणूस. बाही वर केली, पट्टा बांधला, मशीन बराच वेळ फुगत राहिलं. १७८ वर ११०. डॉक्टरांनी पाच मिनिटं बसवून दुसऱ्या हातावर पुन्हा घेतलं, तसंच. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास होतो का? काका म्हणाले, ‘‘सकाळी डोकं जड असतं. चहा घेतला की बरं वाटतं.’’

‘‘गोळी चालू आहे?’’

‘‘होती की. कार्ड बदलल्यापासून बंद आहे.’’

मला कळेना कार्ड बदलणं म्हणजे काय. डॉक्टर पुढच्या माणसाकडे वळले तेव्हा काकांना चहाच्या टेबलापाशी बसवून विचारलं. ते एकेक करून सांगत गेले. आधी त्यांना ईएसआय होतं. महिन्याला दवाखान्यात जायचं, गोळ्या घेऊन यायचं. मग पगार वाढला. एकवीस हजारांच्या वर गेला, ईएसआय थांबलं, मी स्वतः त्यांच्या हातात मेडिक्लेमचं कार्ड दिलं होतं. ‘‘ते कार्ड घेऊन दवाखान्यात गेलो ताई. ते म्हणाले, ॲडमिट व्हायचं असेल तरच चालतं हे. मग मेडिकलमधून गोळ्या घेतल्या दोनतीन महिने. पोराची डिप्लोमाची फी आली, त्यात राहिलं ते राहिलं.’’

या एका वाक्यात आमच्या सगळ्या व्यवस्थेतली फट आहे. जरा सविस्तर सांगते, कारण फ्लोअर असलेल्या जवळजवळ प्रत्येक कंपनीत ही फट असणार.

ईएसआय म्हणजे १९४८ च्या कायद्यातून आलेली कर्मचारी राज्य विमा योजना. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला ती लागू होते. ही मर्यादा २०१७ पासून आहे. जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के कापले जातात. त्याबदल्यात कामगाराला आणि घरच्यांना दवाखाना, तपासण्या, गोळ्या, हॉस्पिटल असं सगळं मिळतं, आणि आजारपणात घरी बसावं लागलं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के पैसेही मिळतात. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल तक्रारी कमी नाहीत. आमच्याच भागातल्या मरोळच्या कामगार हॉस्पिटलला डिसेंबर २०१८ मध्ये आग लागली, त्यानंतर बराच काळ लोकांना कांदिवलीपर्यंत जावं लागे. रांगा असतात, कधी औषध संपलेलं असतं. पण रोजची गोळी त्यात बसते. मेडिक्लेममध्ये ती बसत नाही. मेडिक्लेम म्हणजे मुळात हॉस्पिटलात भरती होण्याचा विमा. साधारण चोवीस तासांची भरती हवी, नाहीतर ठरावीक डे-केअर उपचार हवेत. ओपीडी, म्हणजे डॉक्टरची फी, महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांनी करायची एचबीएवनसी (शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी), हे सगळं खिशातून.

म्हणजे पगारवाढीबरोबर माणूस रोजच्या औषधाचा हक्क गमावतो आणि अँजिओप्लास्टीचा हक्क मिळवतो. पगारवाढीनंतर वर्गणी थांबली तरी लाभाचा काळ संपेपर्यंत काही महिने ईएसआयचे उपचार मिळतात, हेही कुणाला माहीत नसतं. काकांना तर कार्डच बंद झालं असं वाटलं होतं.

त्या रात्री मी क्लेमच्या शीटमधली ती चार नावं हजेरीच्या जुन्या नोंदींशी लावून बघितली. दोघं पूर्वी ईएसआयमध्ये होते. दोघांनी गोळ्या का आणि कधी सोडल्या ते मला कळायचा मार्ग नाही, आणि त्यांना तसं विचारणं मला बरंही वाटलं नाही. पण माझी दिशा तिथं पक्की झाली.

शिबिराचे एकूण आकडे आले तेव्हा बीपी वाढलेल्यांची संख्या बघून एमडी गप्प झाले. मी त्यांना म्हटलं, हे काही आपल्याच कंपनीत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत असं निघालं. बीपी तर शंभरात पस्तीस जणांना. आपली माणसं त्यातलीच. फरक एवढाच, की आपल्याला आता हे ठाऊक झालंय. ठाऊक झाल्यावर कूपनं वाटत बसणं मला पटत नाही.

वर्षाच्या मध्यावर आम्ही ॲपच्या कराराचा उरलेला भाग सोडून दिला आणि ते पैसे दुसरीकडे वळवले. जवळच दवाखाना असलेले एक एमडी मेडिसिन डॉक्टर आठवड्यातून दोन दुपारी कंपनीत येऊ लागले. जेवणाच्या सुट्टीच्या आगेमागे, म्हणजे दोन्ही शिफ्टना जमेल अशी वेळ. बीपी-शुगरच्या गोळ्यांचे पैसे कंपनी देणार. जिथं चालेल तिथं डॉक्टर जनऔषधी केंद्रातली जेनेरिक लिहून देतात, त्यामुळे खर्च माझ्या अंदाजापेक्षा बराच कमी आला. कोण कुठली गोळी घेतो याची नोंदवही डॉक्टरांच्या कुलपात असते. माझ्याकडे फक्त एकूण बिल येतं. डॉक्टरकडे गेलेल्या अर्ध्या तासाचा लेट मार्क लागणार नाही, हे सुपरवायझरांच्या गळी उतरवायला मात्र गोळ्यांच्या बजेटपेक्षा जास्त दम लागला.

दुसरी गोष्ट चहाची. आमच्याकडे व्हेंडिंग मशीन होतं. त्यातल्या प्रीमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असते. बटण दाबलं की गोड चहा, कमी गोडाचा पर्यायच नाही. शुगरचा माणूस दिवसातून चार कप पितो आणि घरी मात्र बिनसाखरेचा चहा पितो म्हणून समाधानी असतो. मशीन काढलं. कँटीनवाल्या मावशी आता दोन किटल्या आणतात, एक साखरेची आणि एक बिनसाखरेची. बिनसाखरेची लवकर संपते. जेवणात त्यांनी स्वतःहून आठवड्यात तीन दिवस भाकरी आणि उसळ सुरू केली, तळलेले पापड आणि लोणचं मागितल्यावरच वाढायचं ठेवलं. आहारतज्ज्ञांच्या ऑनलाइन व्याख्यानात किन्वा आणि ॲव्होकॅडो होतं. मावशींनी मटकी आणली.

कॅशलेसबद्दल, म्हणजे हॉस्पिटलचं बिल विमा कंपनीनं परस्पर भरण्याबद्दल, मी स्वतः फ्लोअरवर छोट्या बैठका घेतल्या. नेटवर्कमधलं हॉस्पिटल कसं बघायचं, भरती होताना कुठला फॉर्म, टीपीएनं प्रश्न विचारला तर मला कधी फोन करायचा. मे २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास अशी मुदत घालून दिली आहे. हे माहीत असलेला माणूस काउंटरवर वेगळ्या आवाजात बोलतो. आमच्या एका मुलाच्या आईचा डिस्चार्ज संध्याकाळपर्यंत अडकला होता. त्यानं ही मुदत सांगून लेखी उत्तर मागितलं आणि थोड्याच वेळात कागद आला.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा रिन्युअल आलं. प्रीमियम कमी झाला नाही. त्या वर्षी एका सहकाऱ्याची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली, कित्येक आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होती. ती आता छान आहे, पण तेवढ्या एका क्लेमनं आमचा रेशो वर नेला. कुठलीही चालण्याची स्पर्धा किंवा कुठलीही गोळी तो थांबवू शकली नसती, आणि विमा नेमका अशाच वेळेसाठी असतो. एमडींनी विचारलं, ‘‘मग आपल्याला मिळालं काय?’’

डॉक्टरांनी दिलेले एकूण आकडे मी पुढे ठेवले. शिबिरात बीपी वाढलेलं आढळलेल्यांपैकी बहुतेक जण डॉक्टरांकडे येत होते, आणि येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं बीपी १४०-९० च्या खाली आलं होतं. याचा क्लेममधला फायदा एका वर्षात दिसत नाही. बीपीनं मेंदूत रक्तस्राव व्हायला वर्षं लागतात, तो न होण्याचा हिशेब मांडायलाही तितकीच वर्षं लागतील, आणि न झालेला पक्षाघात कुठल्याच शीटमध्ये ओळ म्हणून येत नाही. मी त्यांना सरळ सांगितलं, की प्रीमियम उतरवण्यासाठी हे करायचं असेल तर बंद करा, कारण तसं वचन मी देऊ शकत नाही. आपल्याकडे वीस वर्षं काम करणारा माणूस पगारवाढ मिळाली म्हणून गोळीला मुकू नये, एवढ्यासाठी करायचं असेल तर चालू ठेवा. त्यांनी थोडा वेळ कागद बघितला आणि डॉक्टरांचा करार पुढच्या वर्षासाठी सही करून दिला.

त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीत बदल झाला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर २२ तारखेपासून शून्य झाला. ग्रुप पॉलिसीवर मात्र तो तसाच राहिला. ज्यांना स्वतःची पॉलिसी परवडते त्यांना सूट आणि ज्यांच्यासाठी कंपनीचं कार्ड हाच एकमेव विमा आहे त्यांच्या प्रीमियमवर कर, हे मला अजिबात न्यायाचं वाटत नाही. आमच्या उद्योजकांच्या संघटनेमार्फत तसं पत्र पाठवायचं मी एमडींना सुचवलं, त्यांनी पाठवलं. त्याचवर्षी २१ नोव्हेंबरला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षाला मोफत तपासणी हा मालकाच्या जबाबदारीचा भाग झाला. तपासणीची सक्ती हवीच होती. पण १७८ चा आकडा कागदावर लिहून पाकीट हातात दिलं आणि पुढची गोळी ज्याची त्यानं बघायची, असं झालं तर ती फाइल पूर्ण करण्यापुरती राहील.

फिटरकाकांचं बीपी आता ठीक असतं. हे ते स्वतःच येताजाता सांगतात, मी विचारत नाही. एवढं मात्र झालं, की २१ हजारांची रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या पगारवाढीच्या पत्राला आम्ही आता मराठीतलं एक पान जोडतो : ईएसआयचे उपचार कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, मेडिक्लेम कशाला चालतो आणि कशाला नाही, गोळ्या चालू असतील तर कंपनीच्या डॉक्टरांना कुठल्या दुपारी भेटायचं. सध्या माझ्या टेबलावर आहेत हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीची कंत्राटी माणसं. त्यांचा ईएसआय कंत्राटदारानं भरायचा असतो. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते. पोर्टलवर ती खरंच जमा होते का, आणि प्रत्येकाचा विमा क्रमांक चालू आहे का, हे एकेका नावानं तपासणं सुरू आहे. येत्या रिन्युअलला आईवडिलांचा तो दहा टक्के को-पे काढून टाका, ही मागणीही मी लेखी देऊन ठेवली आहे.